ऑगस्टस वेल्बी प्यूजिन : क्रूसपडद्यांचा कैवारी

कांहीं माणसें राज्यासाठीं झगडतात, कांहीं द्रव्यासाठीं, तर कांहीं कीर्तीसाठीं. परंतु ख्रिस्तमंदिरांतील एका जाळीदार पडद्यासाठीं ज्यानें अहोरात्र कष्ट केले, मित्रांचा रोष ओढवून घेतला आणि स्वतःच्या धर्मबंधूंशींही कठोर वाद घातला, असा पुरुष इतिहासांत विरळाच म्हटला पाहिजे. इंग्लंडमधील प्रख्यात शिल्पज्ञ ऑगस्टस वेल्बी प्यूजिन हा असा एक पुरुष होऊन गेला. अवघें चाळीस वर्षांचें आयुष्य त्याला लाभलें; पण तेवढ्या अवधींत त्यानें केलेलें काम पाहिलें म्हणजे मन थक्क होतें. त्याच्या गुणांपासून शिकण्यासारखें पुष्कळ आहे, आणि त्याच्या दोषांपासूनही कांहीं कमी नाहीं; म्हणूनच त्याचें चरित्र आमच्या विद्यार्थी वाचकांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

ज्या पडद्यासाठीं प्यूजिन झगडला, तो पडदा म्हणजे काय, हें प्रथम समजून घेतलें पाहिजे. आपल्याकडील देवळांत ज्याप्रमाणें सभामंडप व गाभारा असे दोन भाग असतात, त्याप्रमाणेंच मध्ययुगांतील ख्रिस्तमंदिराचेही दोन मुख्य भाग असत. एका भागांत सर्व लोक जमत. दुसऱ्या भागांत वेदी असे व तेथें धर्मगुरु उपासना चालवीत. या दोन भागांच्या मध्यें एक उंच पडदा उभारीत. हा पडदा कापडाचा नसून बहुधा ओक वृक्षाच्या लांकडाचा, आणि मोठ्या कॅथीड्रलांत दगडाचा असे. त्याचा खालचा कंबरेइतका भाग भरींव फळ्यांचा असून त्यांवर संतांचीं व देवदूतांचीं रंगीत चित्रें काढलेलीं असत. वरचा भाग नाजूक कमानींच्या जाळीचा असे; त्यांतून पलीकडची वेदी व तिच्यावरील दीप लोकांना दिसत. जाळीच्या माथ्यावर एक अरुंद सज्जा असे, आणि त्याहीवर, सर्व मंदिरांतून दिसेल असा, ख्रिस्ताचा मोठा क्रूस; त्याच्या एका बाजूस पवित्र मरिया व दुसऱ्या बाजूस शिष्य योहान यांच्या मूर्ति. जुन्या इंग्रजी भाषेंत क्रूसाला ‘रूड’ असें म्हणत, म्हणून या पडद्यांना ‘रूड स्क्रीन’ हें नांव पडलें. आपण त्यांना क्रूसपडदा म्हणूं.

इंग्लंडांतील रिवाजाप्रमाणें वेदीकडील भागाची डागडुजी धर्मगुरूच्या अंगावर असे, आणि लोकांच्या भागाची जबाबदारी गांवकऱ्यांवर असे. त्यामुळें क्रूसपडदा हा गांवकऱ्यांच्या अभिमानाचा विषय झाला होता. पंधराव्या शतकांतील शेतकरी, विणकर आणि विधवा बाया आपल्या मृत्युपत्रांत पडद्याच्या रंगकामासाठीं किंवा क्रूसापुढील दिव्यासाठीं थोडे थोडे पैसे ठेवीत. नॉरफोक परगण्यांतील रॅनवर्थ या लहानशा गांवीं असा एक चित्रित पडदा अद्यापि उभा आहे. यॉर्कच्या मोठ्या मंदिरांतील पडदा दगडी असून त्यावर विल्यम धि काँकररपासून सहाव्या हेन्रीपर्यंत पंधरा राजांचे पुतळे ओळीनें उभे आहेत.

अशा या पडद्यांवर सोळाव्या शतकांत मोठें संकट कोसळलें. धर्मसुधारणेच्या लाटेंत मूर्ति व चित्रें हीं मनुष्य आणि देव यांच्या मध्यें अडथळा आणतात असें पुष्कळांना प्रामाणिकपणें वाटूं लागलें. सहावा एडवर्ड गादीवर आल्यावर, म्हणजे १५४७ नंतर, पडद्यांवरील क्रूस उतरविण्यांत आले. १५५३ सालीं राणी मेरी आली व क्रूस पुन्हां चढले. पुढें राणी एलिझाबेथच्या अमदानींत ते पुन्हां खालीं आले, आणि १५६१ च्या राजाज्ञेनें वरचे सज्जे पाडावेत, परंतु खालचा पडदा मात्र राहूं द्यावा, असें ठरलें. म्हणूनच इंग्लंडच्या खेड्यांतून आजही अर्धेमुर्धे पडदे आढळतात. त्यांवरील संतांचे चेहरे कोठें खरवडलेले, तर कोठें चुन्याखालीं लपलेले. त्यापुढील दोन शतकांत गैरसमजानें जितके पडदे गेले, त्याहून कदाचित् अधिक निष्काळजीपणानें गेले. या मोडलेल्या पडद्यांना पुन्हां उभें करणारा पुरुष १८१२ सालीं जन्मास आला.

प्यूजिन याचा जन्म त्या वर्षींच्या मार्च महिन्याच्या १ तारखेस लंडन शहरीं झाला. त्याचे वडील ऑगस्ट शार्ल प्यूजिन हे फ्रान्समधून इंग्लंडांत येऊन राहिलेले निष्णात चित्रकार होते. जुन्या गॉथिक इमारतींचीं मोजमापें घेऊन त्यांचे अचूक नकाशे छापण्याचें काम ते करीत, व घरींच विद्यार्थ्यांना रेखांकन शिकवीत. टोकदार कमानी, उंच मनोरे आणि दगडांत कोरलेली जाळी हीं गॉथिक शिल्पाचीं लक्षणें होत. लहान ऑगस्टस वडिलांबरोबर फ्रान्समधील नॉर्मंडी प्रांतांत जाई व तेथील मंदिरांपुढें बसून चित्रें काढी. त्याची आई कॅथरीन वेल्बी ही इंग्रज असून करारी व धर्मनिष्ठ बाई होती. ती मुलाला घेऊन एडवर्ड अर्व्हिंग या नामांकित स्कॉच उपदेशकाच्या उपासनेला नेमानें जात असे. तेथील प्रवचनें फार लांब चालत आणि मंदिर अगदीं साधें असे; मुलाचें मन तेथें रमत नसे, असें त्याच्या चरित्रकारांनीं नमूद केलें आहे. आईनें दिलेली धर्मनिष्ठा आणि वडिलांनीं दिलेली दृष्टि, या दोन देणग्यांचा संगम पुढें त्याच्या आयुष्यांत घडून आला.

मुलाची बुद्धि विलक्षण तीव्र होती. पंधराव्या वर्षीं, १८२७ सालीं, त्यानें विंडसर येथील राजवाड्यासाठीं गॉथिक धर्तीच्या सामानाचे आराखडे काढून दिले! परंतु इतक्या लौकर आलेलें यश पचविणें सोपें नसतें. त्यानें लांकडी सामानाचा व कोरीव कामाचा स्वतःचा कारखाना काढला. तो थोड्याच काळांत बुडाला, आणि कर्जापायीं त्याला कांहीं काळ तुरुंगांतही बसावें लागलें. नाटकगृहांतील देखावे त्यानें रंगविले. समुद्राची त्याला अनिवार ओढ होती, म्हणून एक लहानसें जहाज घेऊन तो समुद्रावर हिंडूं लागला. १८३० सालीं स्कॉटलंडच्या किनाऱ्यापाशीं तें जहाज फुटलें व तो कसाबसा जिवानिशीं बचावला. वीस वर्षांचा होण्यापूर्वींच त्याच्या आयुष्यांत इतके चढउतार झाले होते.

त्यानंतर दुःखांची मालिकाच सुरू झाली. १८३१ सालीं त्याचें लग्न झालें. पुढच्याच वर्षीं एका मुलीला जन्म देऊन त्याची पत्नी ॲन वारली. त्याच वर्षाच्या अखेरीस वडील गेले आणि १८३३ सालीं आईही गेली. एकविसाव्या वर्षीं पदरीं तान्ही मुलगी घेऊन तो पोरका झाला. दुसरा कोणी असता तर खचून गेला असता. प्यूजिन यानें आपलें दुःख कामांत बुडविलें. त्यानें लुईसा हिच्याशीं दुसरा विवाह केला, आणि हातीं वही घेऊन इंग्लंडांतील जुनीं मंदिरें पाहण्याचा सपाटा चालविला. मोडके पडदे, फुटक्या कांचा, चुन्याखालीं गाडलेलीं चित्रें तो निरखून पाही, मोजी आणि उतरून घेई. ज्यांनीं हें सर्व घडविलें ते लोक कोणत्या श्रद्धेनें काम करीत असतील, हा प्रश्न त्याच्या मनाला पडला. या शोधांतूनच १८३५ सालीं त्यानें रोमन कॅथॉलिक पंथाचा स्वीकार केला. इंग्लंडांतील कॅथॉलिक लोकांवरील राजकीय निर्बंध १८२९ सालींच बव्हंशीं उठले होते. समाजांत मात्र त्यांच्याविषयीं अढी कायम होती. अशा वेळीं या पंथांत जाणें म्हणजे धंद्यांतील पुष्कळ गिऱ्हाइकांना मुकणें होतें. पण त्यानें तो विचार केला नाहीं.

पुढच्याच वर्षीं त्याचें ‘कॉन्ट्रास्ट्स’ नांवाचें पुस्तक प्रसिद्ध झालें. त्यांत जुन्या व नव्या इमारतींचीं चित्रें समोरासमोर मांडून त्यानें आपल्या काळाला जणूं आरशासमोर उभें केलें. १८४१ च्या दुसऱ्या आवृत्तींत त्यानें गरिबांच्या निवाऱ्याचीं दोन चित्रें घातलीं. एकीकडे मध्ययुगांतील आश्रम, जेथें निराधार म्हाताऱ्याला अन्न, वस्त्र आणि शेवटीं सन्मानानें मूठमाती मिळे. दुसरीकडे त्याच्या काळचें तुरुंगासारखें अनाथगृह, जेथें दरिद्री माणसाला उपाशी ठेवून मरणानंतर त्याचें प्रेतही चिरफाडीसाठीं धाडलें जाई. मध्ययुगाचें त्याचें चित्र फारच गोड होतें, हें कबूल केलें पाहिजे. त्या काळींही दुःख व अन्याय कांहीं कमी नव्हते. पण ज्या समाजांत गरिबांचा मान राहत नाहीं, त्या समाजाच्या इमारतींतही तें हृदयशून्यत्व उमटतें, हा त्याचा मुद्दा मात्र विचार करण्यासारखा होता.

शिल्पाविषयींचें त्याचें तत्त्व १८४१ सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका पुस्तकांत सांगितलें आहे. तें असें कीं, इमारतींत सोयीसाठीं, बळकटीसाठीं किंवा औचित्यासाठीं जें लागत नाहीं तें घालूं नये. आणि शोभा करावयाची ती इमारतीच्या आवश्यक अवयवांचीच करावी. खोटा खांब नको, लांकडाला दगडाचा रंग नको. प्यूजिनच्या मतें खोटेपणा हा जसा मनुष्याच्या बोलण्यांतला दोष, तसाच तो भिंतींतलाही दोष होता. क्रूसपडद्याकडे तो याच दृष्टीनें पाही. हा पडदा त्याला नुसती शोभेची वस्तु वाटत नसे. या स्थळीं कांहीं पवित्र आहे, तेथें एकदम धांवत जाऊं नये, क्षणभर थांबावें व मग आंत पाहावें, असें तो पडदा उपासकाला शिकवितो, अशी त्याची समजूत होती. आपल्याकडे लग्नांत वधूवरांच्या मध्यें अंतरपाट धरतात तो कांहीं त्यांना कायमचें वेगळें ठेवण्यासाठीं नव्हे. त्या क्षणाचें गांभीर्य मनावर ठसावें म्हणून. क्रूसपडद्याचा अर्थ समजण्यास हें उदाहरण पुरेसें आहे.

सुदैवानें त्याला एक उदार आश्रयदाता लाभला. अर्ल ऑफ श्रूझबरी या धनवान कॅथॉलिक सरदारानें त्याला मंदिरें बांधण्यास सढळ हातानें पैसा पुरविला. त्याच्याइतकेच महत्त्वाचे त्याचे सहकारी होते. बेव्हर्ले येथें तो जुन्या मंदिराचीं मोजमापें घेत असतां जॉर्ज मायर्स नांवाच्या एका गवंड्यानें त्याला मदत केली होती. पुढें तोच मायर्स त्याच्या बहुतेक इमारतींचा बांधणारा झाला. बर्मिंगहॅमचा जॉन हार्डमन त्याच्यासाठीं धातूचें काम आणि पुढें रंगीत कांचा करी; हर्बर्ट मिंटन फरशा भाजून देई. प्यूजिन आराखडे काढी आणि हे कारागीर ते प्रत्यक्षांत उतरवीत. कचेरींत कारकुनांचा तांडा न ठेवतां तो बहुतेक सारीं रेखाटनें स्वतःच्याच हातांनीं काढीत असे. आगगाडींत बसला असतां किंवा बोटीवर असतांही त्याचें काम थांबत नसे.

पडद्यावरून पहिला मोठा झगडा बर्मिंगहॅम येथें झाला. तेथील संत चॅड याचें मंदिर प्यूजिन बांधीत होता. १८४१ च्या जून महिन्यांत त्याची प्रतिष्ठा व्हावयाची होती. त्यांत त्यानें अर्थातच क्रूसपडदा योजिला होता. बिशप वाइझमन हे नुकतेच रोमहून आले होते. तेथील उघड्या, प्रशस्त मंदिरांची त्यांना संवय होती. लोकांच्या व वेदीच्या मध्यें असा आडोसा नको, असें त्यांचें मत पडलें व त्यांनीं पडदा काढण्याविषयीं सांगितलें. प्यूजिन खवळला. पडदा नसेल तर आपणही या कामांत राहणार नाहीं, असें त्यानें स्पष्ट कळविलें. अर्ल ऑफ श्रूझबरी त्याच्या बाजूनें उभा राहिला आणि अखेरीस पडदा आपल्या जागीं राहिला. जय प्यूजिनचा झाला. परंतु वादाचें बीज पेरलें गेलें तें गेलेंच.

त्याच्या मनासारखें मंदिर त्याला एकदांच बांधतां आलें, आणि तें म्हणजे स्टॅफर्डशरमधील चीडल या लहान गांवांतील संत जाइल्सचें मंदिर. १८४१ सालीं सुरू झालेलें हें काम १८४६ च्या ऑगस्ट महिन्याच्या ३१ तारखेस प्रतिष्ठेनें पूर्ण झालें. मंदिराचा दगडी मनोरा दोनशें फूट उंच असून मैलोगणती दुरून दिसतो. आंत पाऊल टाकतांच पाहणारा स्तब्ध होतो. कारण भिंती, खांब, कमानी, छत यांवर रंग आणि सोनें यांची नक्षी नाहीं अशी जागाच सांपडत नाहीं. आणि या सर्व वैभवाच्या मधोमध, लोक आणि वेदी यांच्या मध्यें, क्रूसासहित रंगीत पडदा उभा आहे. चार शतकांपूर्वीं रॅनवर्थसारख्या गांवांतील शेतकऱ्यांनीं आपल्या पडद्यांत जी शोभा पाहिली असेल, ती चीडलच्या लोकांनीं एकोणिसाव्या शतकांत पुन्हां पाहिली.

याच सुमारास एक फार मोठें काम त्याच्या हातीं होतें. १८३४ च्या ऑक्टोबरांत लंडनचें जुनें पार्लमेंटगृह आगींत भस्म झालें. ती आग पाहणाऱ्या गर्दींत प्यूजिन स्वतः होता. नव्या इमारतीचें काम चार्ल्स बॅरी या शिल्पज्ञाला मिळालें. बॅरीच्या स्पर्धेच्या नकाशांचीं रेखाटनें प्यूजिननें काढलीं होतीं. १८४४ पासून तर अंतर्भागाच्या शोभेचा सारा भार त्याच्यावरच पडला. राजसिंहासन, छत, भिंतींचे कागद, फरशा, दिवे, खुर्च्या, इतकेंच काय पण दौतीसुद्धां त्याच्या आराखड्यांवरून झाल्या. १८४७ सालीं उमरावांचें सभागृह उघडलें तेव्हां लोक दिपून गेले. पण मानाचा मोठा वांटा बॅरीला मिळाला. लांकडी कोरीव कामाचा देखरेख करणारा म्हणून प्यूजिनला वर्षाला दोनशें पौंड मिळत. ज्या घड्याळाच्या मनोऱ्याला जग बिग बेन या घंटेच्या नांवानें ओळखतें, आणि ज्याला २०१२ पासून एलिझाबेथ टॉवर असें नांव आहे, त्याचा आराखडा हें प्यूजिनच्या अखेरच्या कामांपैकीं एक होय.

१८४४ सालीं त्याची दुसरी पत्नी लुईसा मरण पावली. केंटच्या किनाऱ्यावर रॅम्झगेट येथें समुद्राकांठीं कुटुंबासाठीं बांधलेलें नवें घर तयार होत होतें, तोंच हा घाला पडला. घराच्या मनोऱ्यावरून तो समुद्रावर नजर ठेवी, आणि जवळच्या वाळूच्या दांड्यावर एखादें जहाज अडकलें कीं आपली बोट घेऊन मदतीला जाई. घराशेजारीं स्वतःच्या कमाईंतून त्यानें संत ऑगस्टीनचें मंदिर बांधावयास घेतलें. पैसा येई तसें काम पुढें जाई. दुसऱ्यांच्या द्रव्यानें बांधलेल्या मंदिरांत त्याला पुष्कळदां काटकसर करावी लागली होती. येथें मात्र त्यानें दगड, लांकूड व चकमकीचा खडा यांत कसलीही कसर केली नाहीं.

१८४७ सालीं तो इटलीस जाऊन आला. रोममधील भव्य नव्या मंदिरांनीं त्याचें मन जिंकलें नाहीं. परंतु त्या देशांतील जुन्या मंदिरांत पडद्यांच्या परंपरेचे पुरावे मात्र डोळ्यांपुढें उभे होते. रोमच्या सान क्लेमेंते मंदिरांत गाणाऱ्यांच्या जागेभोंवतीं संगमरवरी कठडे आहेत. व्हेनिसच्या सेंट मार्कच्या मंदिरांत वेदीपुढें खांबांचा पडदा असून त्यावर शिष्यांचे पुतळे व मध्यें क्रूस आहे. पडदा ही इंग्लंडची किंवा गॉथिक शिल्पाचीच लहर नसून ती सर्व ख्रिस्ती जगाची जुनी चाल आहे, या त्याच्या मताला इटलीनेंही दुजोराच दिला.

पण वारें फिरलें होतें. १८४५ सालीं जॉन हेन्री न्यूमन हे ऑक्सफर्डचे थोर विद्वान कॅथॉलिक पंथांत आले, आणि त्यांच्यामागून फेबर वगैरे पुष्कळ तरुण आले. हे नवे बंधु आपल्या बाजूस येतील अशी प्यूजिनची अपेक्षा होती. झालें उलटेंच! त्यांचा ओढा इटलीच्या पद्धतीकडे होता. लोकांनीं वेदी निर्वेधपणें पाहावी, उपासनेंत जवळून भाग घ्यावा, शहरांतील अशिक्षित मजुरांना सर्व विधि स्पष्ट दिसावेत, असें त्यांचें म्हणणें होतें. शिवाय प्यूजिन हा शिल्पाची एक पद्धत श्रद्धेच्या पदवीला नेऊन बसवितो, हा न्यूमन यांचा आक्षेप होता. आणि तो अगदींच निराधार होता असें म्हणतां येणार नाहीं. प्यूजिनची भाषा तिखट होती. पडदा नको म्हणणारा मनुष्य त्याला धर्माचाच शत्रु भासे. १८४८ सालीं फेबर यांच्याशीं त्याची समोरासमोर जोराची खडाजंगी झाली, आणि नियतकालिकांतूनही वाद माजला. ज्या पडद्यानें नम्रता शिकवावी, त्याच्यासाठीं दोन्ही पक्ष नम्रता विसरले, ही मोठी खेदाची गोष्ट होय.

त्याच १८४८ सालीं त्यानें जेन निल हिच्याशीं विवाह केला, आणि शेवटचीं कांहीं वर्षें त्याला घरच्या सुखाचीं गेलीं. त्याला एकंदर आठ अपत्यें झालीं. १८५१ सालीं लंडनच्या स्फटिकगृहांत जें जगप्रसिद्ध प्रदर्शन भरलें, त्यांत त्याच्या व त्याच्या सहकाऱ्यांच्या कामांचें ‘मध्ययुगीन दालन’ लोकांचें मोठें आकर्षण ठरलें. आणि त्याच वर्षीं त्यानें क्रूसपडद्यांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत इटली, फ्रान्स, जर्मनी, बेल्जम व इंग्लंड येथील पडद्यांची त्यानें कसून माहिती दिली आहे. ग्रंथाच्या अखेरीस पडदे मोडणाऱ्यांचीं चार शब्दचित्रें आहेत. पहिला काल्विनपंथी, ज्यानें धर्माच्या आवेशानें पडदे फोडले. दुसरा प्राचीन रोमच्या शिल्पावर लुब्ध झालेला, ज्यानें मोकळा देखावा हवा म्हणून ते हलविले. तिसरा फ्रेंच राज्यक्रांतीचा, ज्यानें धर्माच्या द्वेषानें ते जाळले. आणि चौथा आधुनिक, जो देवळांत येतो परंतु सर्व कांहीं नाटकगृहाप्रमाणें समोर दिसलें पाहिजे असा हट्ट धरतो. या चौघांत चौथ्यावरच त्याचा रोख अधिक होता, कारण तो घरचा होता. ग्रंथ विनोदी आहे, विद्वत्तापूर्ण आहे, आणि कित्येक ठिकाणीं कटूही आहे. तथापि ज्या इंग्लिश चर्चला तो सोडून आला होता, त्याच्याविषयींचें त्याचें मत या अखेरच्या काळांत पुष्कळ निवळलें होतें, हेंही सांगितलें पाहिजे.

इतक्या श्रमांना शरीर किती दिवस पुरणार? डोळे अधूनमधून दगा देत; ताप येई; पण काम सुटत नसे. १८५२ च्या फेब्रुवारींत मुलगा एडवर्ड याच्याबरोबर आगगाडीनें लंडनला जात असतां त्याची स्मृति व बुद्धि एकाएकीं ढळली. त्याला माणसें ओळखूं येईनात. प्रथम एका खासगी रुग्णालयांत आणि पुढें बेथलेम येथील वेड्यांच्या इस्पितळांत त्याला ठेवावें लागलें. दैवाची लीला अशी कीं, त्या इस्पितळासमोरच, रस्त्याच्या पलीकडे, संत जॉर्जचें मोठें मंदिर उभें होतें. तें मंदिर त्यानेंच बांधलें होतें, आणि चार वर्षांपूर्वीं जेनशीं त्याचें लग्न तेथेंच झालें होतें. साध्वी जेननें त्याला तेथून हलवून त्याची शुश्रूषा केली. सप्टेंबरांत तो रॅम्झगेटला आपल्या घरीं परत आला, आणि १४ तारखेस त्यानें देह ठेवला. त्याच्याच मंदिरांत त्याला मूठमाती देण्यांत आली.

प्यूजिन गेला, पण त्याची शिकवण गेली नाहीं. जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या शिल्पज्ञानें आपल्याला जागें केलें तें प्यूजिनच्या लिखाणानें, असें आपल्या आठवणींत मान्य केलें आहे. मुंबईच्या विश्वविद्यालयाचें सभागृह आणि ग्रंथालयावरील राजाबाई टॉवर हीं याच स्कॉटच्या आराखड्यांवरून बांधलेलीं आहेत. चीडलच्या मंदिरांतील रंगीत कांचा करणारा विल्यम वेल्स यानेंच मुंबईंत कुलाब्याच्या अफगाण चर्चसाठींही कांचा केल्या. त्या मंदिराची प्रतिष्ठा १८५८ सालीं झाली. अशा रीतीनें ज्याला हिंदुस्थान कधीं दिसला नाहीं, त्या प्यूजिनच्या विचारांची छाया आपल्या मुंबापुरीवरही पडली आहे.

आणि त्या पडद्यांचें काय झालें? चीडल येथील पडदा आजही आपल्या जागीं आहे. पण ज्या पडद्यासाठीं तो वाइझमन यांच्याशीं भांडला, त्याची कथा चमत्कारिक आहे. १९६५ सालीं रोमन कॅथॉलिक पंथाची मोठी धर्मपरिषद संपली. लोकांनीं उपासनेंत अधिक भाग घ्यावा, ही तिची शिकवण होती. त्यानंतर पुष्कळ मंदिरांची आंतील रचना बदलण्यांत आली, आणि १९६७ सालीं बर्मिंगहॅमच्या मंदिरांतून प्यूजिनचा पडदा उतरविण्यांत आला. तो मोडीत गेला असता. परंतु रेडिंग येथील एका मंदिरानें त्याला आपल्याकडे जागा दिली. तें मंदिर इंग्लिश चर्चचें आहे! ज्या घरांतून प्यूजिन तरुणपणीं निघून गेला होता, त्याच घरांत त्याच्या हातच्या या पडद्याला आसरा मिळाला.

विद्यार्थी मित्रहो, या चरित्रांतून काय घ्यावें? प्यूजिनप्रमाणें आपलें काम खरेपणानें करावें. जें दिसत नाहीं तेंही नीट करावें. संकटें आलीं तरी हातचें काम टाकूं नये. पवित्र स्थळीं क्षणभर थांबण्याची त्याची शिकवणही विसरूं नये, कारण सर्वच दारें धांवत ओलांडण्याचीं नसतात. परंतु त्याच वेळीं शरीराची हेळसांड करूं नये, आणि आपलें मत कितीही खरें वाटलें तरी दुसऱ्याच्या प्रामाणिकपणाविषयीं शंका घेऊं नये. प्यूजिनचा पडदा जाळीचा होता. त्यांतून पलीकडचा प्रकाश दिसत असे. वादाच्या भरांत माणसामाणसांत उभा राहणारा पडदा मात्र जाळीचा नसतो, भरींव भिंतीचा असतो. वेदीपुढें पडदा शोभो वा न शोभो, मनामनांमध्यें तो कधींच शोभत नाहीं, एवढें आपण सर्वांनीं ध्यानांत धरावें.